गतकाळाच्या कथा आणि आपले अंगण

मराठीत ऐतिहासिक कथा लिहावयास बसलेला लेखक प्रथम आपले गाव सोडतो. जबलपूरच्या विजय नगरात त्याचे घर असते, उखरीच्या रस्त्यावर त्याचा रोजचा बाजारहाट असतो, त्याच्या आजोबांची उभी नोकरी नर्मदेच्या याच काठी गेलेली असते. पण लेखणी हाती घेतली की तो जो निघतो तो थेट शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी जाऊन थांबतो. तेथे नगारखाना वाजत असतो, मशाली पेटलेल्या असतात आणि कोणीतरी कोणाला तरी मुजरा करीत असते. गेल्या काही वर्षांत जबलपूरकडच्या हौशी लेखक-लेखिकांच्या ज्या गतकालीन कथा आमच्या वाचनात आल्या, त्यांपैकी बहुतेकींचा आरंभ हा असा आहे. त्या वाईट आहेत असे आम्हांस म्हणावयाचे नाही. काहींची भाषा नेटकी आहे, एक-दोघींना संवादही चांगला साधतो. आमची तक्रार निराळी आहे. ही कथा लिहिताना लेखकाला स्वतःला काही नवे दिसले, असे या कथांत कोठेच जाणवत नाही.

कथानक मागच्या शतकांत नेले की कल्पनाशक्ती आपोआप जागी होते, अशी एक समजूत आहे. नवशिक्या लेखकास उपदेश करणारी मंडळी हा उपाय आवर्जून सुचवितात, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण गतकाळ कल्पनेला जागे करतो तो आपल्या भरजरी पोशाखाने नव्हे, तर अडवणुकीने. एक साधे उदाहरण घेऊ. सन १७९० च्या सुमाराची कथा आहे, रात्र झाली आहे, घरातील दिवा विझला आहे. आजच्या कथेत बाई काडी ओढील आणि दिवा लावील. एका वाक्याचे काम. परंतु काडेपेटीचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकातला. तेव्हा आमच्या बाईला एक तर चकमक झाडीत बसावे लागेल, नाहीतर चुलीतील निखारे राखेखाली जपून ठेवावे लागतील. तेही विझले असतील तर विस्तव मागण्यासाठी शेजारच्या घरी जावे लागेल. अंधारात, अवेळी, शेजारी जाणे म्हणजे कथा सुरू होणे! त्या घरी कोण जागे आहे, ते काय बोलत बसले आहेत, दार उघडावयास वेळ का लागला, हे प्रश्न लेखकाने शोधलेले नाहीत. काडेपेटी नसल्यामुळे ते त्याच्यापुढे आले आहेत.

आमच्या हौशी कथाकारांनी हीच अडवणूक टाळलेली असते. एका कथेत पेशवाईतील कारकून वाफाळलेल्या चहाचा घोट घेतो. दुसरीत राणी दुर्गावतीच्या मुदपाकखान्यात मिरच्यांची फोडणी बसते. मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून या देशात उतरली आणि दुर्गावती पडली १५६४ साली; गढ्याच्या त्या चुलीवर तिखटपणा आला असेल तर तो मिऱ्याचा किंवा पिंपळीचा. असल्या चुका काढण्यात पंडिती आनंद असतो खरा, पण आम्ही त्या काढतो त्या एवढ्याचसाठी की मिरची काढून घेतली असती तर लेखिकेला त्या स्वयंपाकघरात डोळे उघडून पाहावे लागले असते. मग तिला कोदो दिसला असता, कुटकी दिसली असती, मोहाची वाळत घातलेली फुले दिसली असती. यांतले काहीच दूरचे नाही. मंडल्याच्या बाजारात ते आजही मिळते.

या विषयावर जबलपूरच्या लेखकाने ज्याचे ऐकावे असा एक शास्त्रकार त्याच्या अगदी शेजारचा आहे. शहराच्या पश्चिमेस, भेडाघाटच्या वाटेवर, तेवर नावाचे खेडे लागते. तीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. दहाव्या शतकात युवराजदेव पहिला याच्या सभेत राजशेखराचे ‘विद्धशालभंजिका’ हे नाटक झाले. हा राजशेखर यायावर कुळातला. त्याचा पणजा अकालजलद याला तो स्वतःच महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. म्हणजे कनोजच्या प्रतिहारांकडे आणि मग त्रिपुरीच्या कलचुरींकडे मान मिळविणारा हा कवी, आजच्या भाषेत बोलावयाचे तर, बृहन्महाराष्ट्रातला लेखक ठरतो. त्याच्या ‘काव्यमीमांसे’चे दैवही तसेच. तो ग्रंथ प्रथम छापला गेला १९१६ साली बडोद्यास, गायकवाड प्राच्यमालेचे पहिले पुष्प म्हणून.

राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले आहेत: निर्माण करणारी ती कारयित्री आणि आस्वाद घेणारी ती भावयित्री. कारयित्रीचेही त्याने पुन्हा तीन भेद केले: जन्मतः आलेली, अभ्यासाने मिळविलेली आणि उपदेशाने लाभलेली. प्रतिभा म्हणजे केवळ दैवी देणगी, ती असली तर असली, असे मानणाऱ्यांनी हा दुसरा भेद लक्षात घ्यावा. अभ्यास म्हणजे काय, तेही त्याने मोघम ठेवलेले नाही. कवीच्या दिवसाचे प्रहर त्याने वाटून दिले आहेत. जवळ खडू, फळी, दौत, लेखणी, ताडपत्रे आणि भूर्जपत्रे असावीत येथपर्यंत तो सांगतो. आणि पुढे, आमच्या प्रस्तुत विषयाला फार महत्त्वाची अशी गोष्ट म्हणजे, त्याने देशविभाग आणि कालविभाग यांना स्वतंत्र अध्याय दिले आहेत. कोणत्या प्रदेशात कोणत्या नद्या, कोणते पर्वत, तेथे काय उत्पन्न होते; कोणत्या ऋतूत कोणता वारा, कोणते फूल. हे ज्याला ठाऊक नाही त्याचे वर्णन चुकणार, असा त्याचा रोख आहे. दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलणाऱ्या कवींचाही त्याने सविस्तर समाचार घेतला आहे. तो भाग आमच्या काही कथाकारांना वाचून दाखवावा असे मनात येते, पण असो.

देश आणि काल यांपैकी कालाकडे आपण थोडेफार लक्ष देतो, देशाकडे मुळीच देत नाही. हे मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या आरंभापासून असेच होते काय? रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८६७ पासून ‘विविधज्ञानविस्तारा’त क्रमशः येऊ लागली आणि १८७१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. काळ शिवाजीमहाराजांचा, पण कथा कल्पित माणसांची. हरिभाऊ आपट्यांनी हाच मार्ग रुंद केला. ‘करमणुकी’त १८९५ ते १८९७ या काळात आलेली ‘उषःकाल’ पाहा. शिवाजी तेथे आहे, परंतु कथेचा भार सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा आणि त्यांचा मुलगा नानासाहेब यांच्यावर आहे. बाप विजापूरच्या मिठाला जागणारा, मुलगा नव्या वाऱ्याने भारलेला. बखरीत ही माणसे नाहीत, म्हणूनच हरिभाऊंना ती घडविता आली. बखरीतल्या थोर पुरुषाला त्यांनी कडेला ठेवले आणि मधली जागा कल्पनेसाठी मोकळी केली.

‘वज्राघात’चे नाव घेतल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. हंपीचे विजयनगर आणि जबलपूरचे विजय नगर यांचा नावापलीकडे काही संबंध नाही, हे आम्ही जाणतो. तरी तारखा पाहा. राणी दुर्गावती असफखानाच्या फौजेशी लढता लढता पडली ती जून १५६४ मध्ये. रामराजा पडला आणि विजयनगरचे साम्राज्य मोडले ते जानेवारी १५६५ मध्ये. अवघे सात महिने! पुण्यात बसून हरिभाऊंनी तुंगभद्रेकाठच्या त्या विध्वंसावर १९१५ च्या सुमारास कादंबरी रचली, आणि तिच्या मुळाशी घातले ते रामराजा, मेहेरजान आणि रणमस्तखान यांचे कल्पित नाते. एवढे मोठे राज्य बुडाले याचे एक कारण त्यांनी एका घरात शोधले. इतिहासकाराला ते पटणार नाही. त्याने पटवून घेऊही नये. परंतु लेखक दूरच्या प्रदेशात गेला तर त्याने काय करावे याचा हा नमुना आहे. दुर्गावतीच्या रणाला असा मराठी कादंबरीकार लाभता तर आम्हांस अधिक आनंद झाला असता, इतकेच.

पुढे चित्र पालटले. १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली, १९६३ पासून ना. सं. इनामदारांच्या ‘झेप’, ‘झुंज’, ‘मंत्रावेगळा’ या कादंबऱ्या आल्या आणि इतिहासातील खरा पुरुष कथेच्या मध्यावर जाऊन बसला. या कादंबऱ्यांचे यश आम्ही नाकारीत नाही. माधवराव आणि रमाबाई यांच्या एकांतात देसाई शिरले ते कागदपत्रे जेथे मुकी होतात तेथे. इनामदारांनी त्रिंबकजी डेंगळे आणि दुसरा बाजीराव यांच्यासारख्या बदनाम माणसांची बाजू मांडण्याचे धाडस केले. पण या थोरांच्या मागून जी पालखी निघाली तिच्यात कल्पनेला जागा उरली ती केवळ संवादांपुरती आणि शालूंच्या रंगांपुरती. नायकाने काय करावयाचे हे आधीच ठरलेले. त्याने कसे बोलावयाचे हेही आता ठरल्यासारखे. लेखकाने मग नवे काय पाहावे? विजय नगरातील आमचे कथाकार शनिवारवाड्यापाशी जाऊन पोचतात ते इतिहास वाचून नव्हे, या कादंबऱ्या वाचून. कल्पनेची ही दुसरी उतरंड आहे, आणि तिच्यात पहिल्या मडक्याचे पाणी फारसे उरत नाही.

आता अंगणाकडे वळू. जबलपूरच्या मराठी माणसाला शोधावयास जावे लागेल असा इतिहास नाही. तो त्याच्या पायाखाली आहे. १७४२ मध्ये नानासाहेब पेशवा मंडल्यावर चालून आला, गढा-मंडल्याचा राजा महाराजशाह मारला गेला आणि चार लक्षांची चौथ बसली. १७८१ मध्ये सागरच्या मराठे सुभेदारांनी त्या घराण्याचा शेवटचा राजा नरहरशाह याला काढून मुलूख आपल्याकडे घेतला. सागर जिल्ह्यातील खुरईच्या किल्ल्यात त्याची कैदेत अखेर झाली. १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला आणि नर्मदेचे खोरे नागपूरकर रघूजी भोसल्यांना दिले. १९ डिसेंबर १८१७ रोजी येथे चकमक झाली आणि जबलपूर इंग्रजांकडे गेले. म्हणजे १७८१ ते १८१७, छत्तीस वर्षे, या गावात मराठ्यांचा अंमल होता. सरदार थोडे, बाकी कमाविसदार, कारकून, शिलेदार, पुजारी आणि त्यांच्या बायकामुलांची ही वस्ती.

या छत्तीस वर्षांची कथा लिहिणे सोपे नाही, आणि नेमका येथेच आमच्या म्हणण्याचा कस आहे. पुण्याच्या कादंबरीकाराला मराठी सत्तेचे गुणगान करता येते, कारण त्याच्या अंगणात ती सत्ता स्वराज्य म्हणून उगवली. गढ्यात ती परक्याची स्वारी म्हणून आली. चार लक्षांची चौथ कोणाच्या कोठारातून निघाली? नरहरशाहाला खुरईस नेले त्या दिवशी गढ्यातील गोंड स्त्रिया काय बोलल्या असतील, आणि शेजारी नव्याने राहावयास आलेल्या मराठी कारकुनाच्या बायकोने त्यांच्याकडे विस्तव मागितला असेल तेव्हा तिला तो मिळाला असेल काय? हा प्रश्न पुण्यात बसून सुचणार नाही. तो विजय नगरात सुचावा, कारण तेथल्या मराठी कुटुंबाच्या भिंतीला लागून आजही दुसऱ्या कोणाची तरी भिंत आहे. स्तुती हा ज्याचा एकमेव स्वर आहे अशा ऐतिहासिक कथेला हा विषय पेलणार नाही. म्हणूनच तो घ्यावा असे आम्हांस वाटते.

गोंडांच्या बाजूनेही कल्पना आणि इतिहास यांचे लग्न जुनेच आहे. हृदयशाहाने १६६७ साली रामनगरच्या शिलालेखात आपल्या पूर्वजांची जी लांबलचक यादी कोरविली, तिच्या आरंभीचा यादवराय आख्यायिकेप्रमाणे गोदावरीच्या बाजूने आला आणि येथल्या राजकन्येशी विवाह करून राजा झाला. ही यादी जशीच्या तशी खरी मानावयास इतिहासकार तयार नाहीत. पण राजाला आपला मूळपुरुष गोदाकाठचा असावा असे का वाटले असेल, यावर एक संपूर्ण कथा उभी राहते. तसेच शंकरशाह आणि रघुनाथशाह या पितापुत्रांचे. १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. झडतीत सापडलेली, शत्रूच्या नाशासाठी देवीला आळविणारी पद्यरचना हा त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा ठरला. कविता लिहिल्याबद्दल माणूस तोफेला बांधला गेला, त्या गावातील लेखकांना विषय सापडत नाही!

परक्यांना मात्र तो सापडला. कर्नल स्लीमन जबलपुरात राहिला, त्याने ठगांचा बीमोड केला, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या लिहून घेतल्या आणि त्यांच्या हातून तंबू नि सतरंज्या विणविल्या. (याच गृहस्थाने १८२८ साली येथील टेकडीवर प्रचंड प्राण्याची अश्मीभूत हाडे वेचली, गतकाळात जावयाचे तर किती मागे जावे याला जबलपुरात मर्यादा नाही.) ठगांच्या त्या विषयावर निजामाच्या नोकरीतील मेडोज टेलरने १८३९ मध्ये ठगाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी प्रसिद्ध केली आणि ती विलायतेत गाजली. गंमत अशी की हरिभाऊंची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ ही याच टेलरच्या टिपूवरील कादंबरीच्या आधाराने लिहिलेली. तिच्यावरून ते ‘उषःकाला’पर्यंत आले ते टेलरला सोडून, स्वतःच्या मावळाकडे परत येऊन.

हिंदीत हे काम वृंदावनलाल वर्मांनी केले. झाशीस वकिली करणाऱ्या या गृहस्थाने आपला बुंदेलखंड सोडून फारसे कोठे पाहिले नाही. ‘गढ़ कुंडार’ त्याच मातीतली, ‘झाँसी की रानी’ त्याच मातीतली. १९६४ मध्ये त्यांनी दुर्गावतीवरही कादंबरी लिहिली. अहिल्याबाई आणि महादजी शिंदे यांच्यावरच्या त्यांच्या कादंबऱ्या वाचताना मराठी वाचकास कोठे कोठे हसू येते, घरातल्या रीतीभाती नीट उतरलेल्या नसतात. पण नदी ओलांडावयाची असेल तर ती कोठे उतार देते हे वर्मांना ठाऊक आहे, आणि आपल्या बहुतेक कथाकारांना नर्मदा कोठे उतार देते हे ठाऊक नाही. उत्तरेत वसलेल्या मराठी माणसांच्या इतिहासाचा एवढा भाग हिंदीतल्या लेखकाने लिहावा यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तो आपण वाचूनही आपल्याला काही सुचू नये, याची मात्र वाटावी.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि तो आम्ही मुद्दाम मागे ठेवला. महाराष्ट्राबाहेरच्या लेखकास आपल्या मराठीविषयी धाक वाटतो. ‘करून राहिलो’ म्हटले की पुण्याचा पाहुणा हसतो, आणि म्हणून कथा लिहिताना हा लेखक आपली बोली पुसून टाकतो व पुस्तकातून उचललेली दरबारी मराठी लिहितो. तिच्यात ‘स्वारी’ असते, ‘खलिता’ असतो, आणि बोलणारे माणूस नसते. वास्तविक १८०० साली जबलपुरात राहणारा मराठी कारकून कसे बोलत असेल? वरिष्ठाला पाठवावयाचे पत्र मोडीत, फारसी शब्दांनी भरलेले, बाजारात बुंदेली, गोंड पाटलाशी मोडकेतोडके काहीतरी, आणि घरी बायकोशी अशी मराठी, जिच्यात दर वर्षी दोन-चार हिंदी शब्द शिरत आहेत आणि जी ऐकून माहेरची माणसे हसत आहेत. ही भाषा पुण्याच्या लेखकाला कष्टाने जुळवावी लागेल. विजय नगरातील लेखकाच्या घरात ती जेवताना ऐकू येते. नातू हिंदीत विचारतो, आजी मराठीत उत्तर देते, सून दोन्ही भाषा एका वाक्यात वापरते. या बोलण्याचा जो ताल आहे तो दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीतल्या तालाशी जवळचा असला पाहिजे, असा आमचा तर्क आहे.

कुसुमावती देशपांडे १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांनी केलेला अभ्यास ज्यांनी वाचला आहे त्यांना कळेल की कादंबरी मोजण्याचे त्यांचे माप घटनांचे नव्हते, जीवनाच्या जाणिवेचे होते. त्या मापाने पाहता आमच्याकडे आलेल्या कथांपैकी एकच आम्हांस पुन्हा वाचावीशी वाटली. तिच्यात एकही पेशवा नाही. १८१७ च्या डिसेंबरात, गावाबाहेर तोफा चालू असताना, एका म्हाताऱ्या कारकुनाने दप्तर कोणाच्या हवाली करावे एवढाच तीत पेच आहे. मालक नागपुरास, इंग्रज वेशीवर, आणि ज्या शेतांचा वसूल त्या रुमालांत बांधलेला आहे त्यांचे धनी अंगणात येऊन उभे. कथेचा मधला भाग लांबला आहे, आणि कारकुनाच्या सुनेला लेखिकेने बोलू दिले असते तर बरे झाले असते. तो भाग आखडून आणि सुनेला जागा करून देऊन ही कथा लेखिकेने आमच्याकडे पुन्हा पाठवावी.